कडेवरून कापडात

सहा-सात महिन्यांचं बाळ कडेवर घेतलेली बाई जरा निरखून पाहिली, तर बाळाची बैठक लक्षात येते. त्याचा एक पाय तिच्या पोटावर असतो, दुसरा पाठीकडे. मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर आणि पाठ किंचित गोल. आईचा हात ढुंगणाखालून मांडीपर्यंत पोचलेला असतो. असं बसायला बाळाला कुणी शिकवत नाही. उचललं की ते आपसूक पाय पोटाशी घेतं. बाजारातला बेबी कॅरिअर किंवा स्लिंग पारखायचा असेल, तर सगळ्यात भरवशाचं माप हेच. आईबापांच्या हातांनी बाळाला जसं धरलं असतं, तसंच कापडाने धरायला हवं.

एरवी खरेदी होते ती रंग, खिसे आणि गाद्यांची जाडी बघून. बारशाला आहेर म्हणून आलेला कॅरिअर तर कुणाच्याच मापाचा नसतो. पण पाहायच्या गोष्टींचा क्रम ठरलेला आहे. आधी बाळाचा श्वास, मग त्याचे खुबे, मग बांधणाऱ्याची पाठ आणि खांदे. बाकीचं सगळं त्यानंतर.

श्वास पहिला का, याचं उत्तर मार्च 2010 मध्ये अमेरिकेत मिळालं. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने पालकांना जाहीर इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान 14 बाळं दगावल्याचं आयोगाला आढळलं होतं, आणि त्यांतली 12 चार महिन्यांपेक्षा लहान होती. त्याच महिन्यात एका कंपनीने तीन अर्भकांच्या मृत्यूनंतर दहा लाखांहून अधिक स्लिंग परत मागवले. ते पिशवीसारखे खोल होते. बाळ त्यात आडवं, मुटकुळं होऊन झोपायचं.

घातक होती ती ही मुटकुळी. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. श्वासनलिका मऊ, अरुंद. बागेतली रबरी नळी दुमडली की धार थांबते. हनुवटी छातीला टेकली की हवेचं तसंच होतं. दुसरा धोका नाक-तोंड कापडात किंवा आईच्या अंगात रुतण्याचा. दोन्ही वेळी बाळ धडपडत नाही, रडत नाही. गाढ झोपलंय असंच वाटतं. अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं किंवा सर्दीने नाक चोंदलेलं बाळ असेल, तर धोका आणखी वाढतो. अशा बाळासाठी आधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यायलाच हवा.

पण म्हणून बाळाला अंगाशी बांधणंच वाईट, असं मुळीच नाही. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं थेट आयांच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. तीच आजची ‘कांगारू मदर केअर’. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर अशी काळजी मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांमधले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडच्या नवजात कक्षांत परिचारिका आयांना हे बांधणं हाताला धरून शिकवतात. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मधोमध. पाय बेडकासारखे दुमडलेले. मान एका कुशीला वळलेली आणि हनुवटी किंचित वर. कापडाची वरची कड कानाच्या जेमतेम खाली. एवढंसं बाळ ज्या बैठकीत तासन् तास सुखरूप राहतं, तीच बैठक घरच्या स्लिंगमध्येही मिळायला हवी.

ब्रिटनमध्ये यासाठी पाच खुणा ठरवल्या गेल्या आहेत. आरशासमोर उभं राहून त्या तपासायला मिनिटभर पुरतं. कापड घट्ट हवं; सैल असलं की बाळ घसरून गोळा होतं. त्याचा चेहरा सतत दिसला पाहिजे, पदराचं किंवा ओढणीचं झाकण नको. मान जराशी वाकवून त्याच्या डोक्याचा पापा घेता यावा, इतकं ते उंच असावं. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये निदान एक बोट सहज जावं. पाचवी खूण पाठीच्या आधाराची. बाळाच्या पाठीवर तळवा ठेवून हलकेच दाबायचं. बाळ आपल्याकडे आणखी सरकलं किंवा त्याची दुमडलेली पाठ उलगडली, तर बांधणं सैल आहे. सोडून पुन्हा बांधावं. कापडातच पाजलं असेल, तर पिऊन झाल्यावर बाळाला पुन्हा उभं आणि वर घ्यायचं. हीच पायरी घाईत सुटते.

आता खुबे. “पाय फाकवून बांधू नका, फेंगडे होतील,” हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं. त्यामागची माया खरी, पण बाळाचं शरीर उलटं सांगतं. पोटात नऊ महिने पाय दुमडून राहिल्यामुळे बाळाचे पाय सुरुवातीला वाकडे दिसतात, आणि वाढीबरोबर ते सरळ होतात. पहिल्या काही महिन्यांत खुब्याची वाटी अजून कोवळी असते. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वर असले, की मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीत नीट बसतो. पाय ताणून, सरळ जुळवून घट्ट गुंडाळले, तर तो बाहेर सरकू शकतो. जपानमध्ये 1975च्या सुमारास बाळांचे पाय सरळ ताणून न बांधण्याची मोहीम देशभर राबवली गेली, आणि खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. म्हणून कॅरिअरची बैठक एका गुडघ्याच्या मागच्या खळीपासून दुसऱ्या खळीपर्यंत रुंद हवी. फक्त जांघेत अरुंद पट्टी आणि खाली पाय लोंबताहेत, असा कॅरिअर थोडा वेळ वापरल्याने खुबा निखळत नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत तासन् तास वापरण्यासारखा तो नव्हे.

वजनाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. बकलांच्या अनेक कॅरिअरवर किमान वजन तीन-साडेतीन किलोच्या घरात लिहिलेलं असतं. भारतात पूर्ण दिवसांचं बाळही पुष्कळदा पावणेतीन किलोच्या आसपास असतं. एवढं बाळ मोठ्या कॅरिअरमध्ये आत बुडतं आणि हनुवटी छातीला लागते. अशा वेळी लांब कापडाचा रॅप किंवा कड्यांतून ओवायचा रिंग स्लिंग बरा, कारण तो बाळाच्या मापाला आवळता येतो. कापड सुती, घट्ट विणीचं आणि मजबूत असावं. जॉर्जेटची ओढणी किंवा रेशमी साडी गाठीतून सरकते. रिंगा सांधा नसलेल्या आणि याच कामासाठी बनवलेल्या हव्यात. पडद्याच्या कड्या कधीही नकोत. बाळाचं तोंड बाहेरच्या बाजूला करायचं, तर मान पूर्ण सावरल्यावरच, आणि तेही थोडा वेळ. पाठुंगळी बांधायला बाळ आधाराशिवाय बसू लागेपर्यंत थांबावं.

आपल्या हवेत कापडाचा प्रत्येक थर म्हणजे एक अंगरखा. आत झबलं पुरे. मानेमागे हात लावून घाम आलाय का ते बघत राहावं, आणि एप्रिल-मेच्या दुपारी बाळ बांधून बाहेर पडूच नये. गॅसपाशी, उकळत्या तेलापाशी बाळ छातीशी नको. हातात गरम चहाचा कपही नको. काही उचलायचं तर कमरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावं.

आणि दुचाकी. कॅरिअरमध्ये बाळ बांधून स्कूटरवर निघालेली जोडपी प्रत्येक शहरात दिसतात. कॅरिअर हा सुरक्षेचा पट्टा नव्हे. अपघातात तो बाळाला वाचवत नाही, उलट ते मोठ्या माणसाच्या वजनाखाली सापडू शकतं. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना वेगळा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट आणि ताशी जास्तीत जास्त 40 किलोमीटर वेग, असे केंद्राचे नियम आहेत. ज्याची मानही सावरलेली नाही आणि ज्याच्या डोक्याला हेल्मेट बसत नाही, त्या तान्ह्याला दुचाकीवर न नेणं हाच मार्ग आहे. मोटारीतही कॅरिअर सोडून बाळ कार सीटमध्येच बसवावं.

राहिला बांधणारा. वजन दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर वाटलं गेलं, तर तासाभरानेही पाठ भरून येत नाही. सिझेरियन झालं असेल, तर पट्टा टाक्यांवर येता कामा नये आणि सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. आई-बाबा दोघं वापरणार असतील, तर पट्टे दर वेळी नव्याने आवळावे लागतात. बाबांच्या मापाला सोडलेल्या पट्ट्यांत आईने बाळ घेतलं, तर ते लोंबतं. जुना कॅरिअर मिळाला असेल, तर शिवणी ओढून बघाव्यात आणि बकलं चार वेळा लावून-काढून पाहावीत.

पहिला सराव बाळावर नको. तीन किलो तांदळाची पिशवी दुपट्यात गुंडाळायची, पलंगाशेजारी उभं राहायचं आणि बांधून घरभर दोन फेऱ्या मारायच्या. पिशवी घसरली, तर कापड कुठे सैल राहिलं ते लगेच कळतं. तीन-चार वेळा पिशवी जागची हलली नाही, की मग पोट भरलेलं, खुशीत असलेलं बाळ घ्यावं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, तीही घरातच, आणि शेजारी हात द्यायला कुणीतरी असताना.