चंदेरी फरचे वाण : संग्रह आणि ओळख

तालीसादि चूर्णाची पुडी महाराष्ट्रांतील बहुतेक घरांत खोकल्याच्या दिवसांत केव्हां ना केव्हां येऊन गेलेली असते. त्या चूर्णांतील तालीसपत्र म्हणजे हिमालयांत उंचावर वाढणाऱ्या एका सूचिपर्णी वृक्षाचीं पानें होत. हा वृक्ष ज्या घराण्यांतला, त्याला इंग्रजींत ‘सिल्व्हर फर’ आणि वनस्पतिशास्त्रांत ‘एबीज’ असें म्हणतात. उत्तर गोलार्धांतील थंड पर्वतांवर त्याच्या सुमारें पन्नास जाति आढळतात. महाराष्ट्राच्या उष्ण हवेंत हा वृक्ष नांदत नाहीं. परंतु इंग्लंड, जर्मनी, हॉलंड, अमेरिका अशा देशांत त्याचे शोभेचे वाण जमविणें हा कित्येकांचा आवडीचा छंद आहे. टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्यास जी चिकाटी लागते, तीच येथेंहि लागते. भेद एवढाच कीं येथील तिकीट दरवर्षीं वाढतें, रूप पालटतें आणि पुष्कळदां मालकास चकविते.

प्रथम फर ओळखावा कसा, हें पाहूं. त्याचा नेहमींचा तोतया म्हणजे ‘स्प्रूस’. दोघांचींहि पानें सुईसारखीं, दोघेहि शंकूच्या आकाराचे. परंतु फरची सुई ओढून काढली तर डहाळीवर गोल, सपाट आणि गुळगुळीत वण राहतो. स्प्रूसच्या सुईखालीं लहानशी खुंटी असते, व सुया गळल्यावर डहाळी कानशीसारखी खरखरीत लागते. स्प्रूसचीं शंकुफळें खालीं लोंबतात आणि अखंड गळून पडतात. फरचीं फळें मेणबत्त्यांसारखीं फांदीवर उभीं असतात, आणि पिकल्यावर तीं झाडावरच खवल्याखवल्यांनीं सुटून जातात. मागें राहतो तो केवळ मधला दांडा. म्हणून फरच्या झाडाखालीं अखंड पिकलेलें फळ शोधणारास सहसा रिकाम्या हातानें परतावें लागतें. सुईच्या खालच्या अंगास दोन पांढुरके पट्टे असतात. तेथें श्वसनाचीं सूक्ष्म छिद्रें असून त्यांवर मेणाचा लेप असतो. ‘सिल्व्हर’ हें विशेषण याच चंदेरी पट्ट्यांवरून आलें.

घराणें ठरलें कीं जात ठरवावयाची. अमेरिकेंतील ‘कॉन्कलर’ फरच्या सुया लांब व दोन्ही अंगांनीं सारख्याच निळसर असतात, आणि चुरगळल्यास लिंबासारखा वास देतात. दक्षिण स्पेनमधील ‘पिन्सापो’ फरच्या ताठ सुया डहाळीच्या चोहों बाजूंनीं उभ्या राहतात. एडमंड ब्वासिए या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें १८३७ सालीं ही जात विद्वानांच्या नजरेस आणिली. कॉकेशसमधील नॉर्डमान फरच्या सुया पुढें झुकून डहाळी झांकून टाकतात व त्यांच्या कळ्यांवर राळ नसते. कोरियाच्या फरच्या कळ्या राळेनें माखलेल्या असतात, आणि झाड जेमतेम मीटरभर उंच होतें न होतें तोंच त्यावर जांभळीं-निळीं फळें उभीं राहतात. सुईची लांबी, टोंक व मांडणी, डहाळीवरील लव, कळीवरील राळ आणि फळ या पांच साक्षी एकत्र घेतल्या म्हणजे जातीविषयीं सहसा चूक होत नाहीं.

खरी कसोटी लागते ती वाण ओळखतांना. जात ही निसर्गाची. वाण हा माणसानें वेंचून राखलेला. बागेंतील हजारों रोपांत एखादें सोनेरी, एखादें खुजें, एखादें जमिनीसरपट वाढणारें निघतें. तर कधीं मोठ्या झाडाच्या एखाद्याच फांदीवर काड्यांचा दाट झुबका उगवतो. त्यास युरोपांत ‘चेटकिणीची केरसुणी’ म्हणतात. हा झुबका कळींतील आनुवंशिक बदलानें झाला असेल तर त्याच्या काडीपासून कायमचें ठेंगणें झाड मिळतें. मात्र युरोपीय फरवर एका तांबेऱ्याच्या बुरशीमुळेंहि असेच झुबके होतात. त्यांच्या सुया पिवळट असतात व दरवर्षीं गळून जातात. तो रोग आहे, वाण नव्हे. त्याचें कलम करणें व्यर्थ होय.

हापूसची कोय लाविली म्हणून हापूसच येतो असें नाहीं, हें कोंकणांत कोणासहि सांगावयास नको. फरच्या वाणाचेंहि तसेंच आहे. तो बियांनीं राखतां येत नाहीं; हिंवाळ्याच्या अखेरीस दुसऱ्या फर-रोपाच्या खुंटावर काडी बांधून कलम करावें लागतें. पण येथें एक फसवणूक दडलेली आहे. शेंड्याची काडी घेतली तर झाड सरळ वाढतें. बाजूच्या फांदीची घेतली तर तें आपण फांदीच आहों असें समजून वर्षानुवर्षें आडवेंच पसरतें. नोबल फरचा ‘ग्लाउका प्रोस्ट्राटा’ हा सरपटणारा प्रकार याच स्वभावाचा लाभ घेऊन राखला जातो. अशा झाडास एखादे वर्षीं एकाएकीं उभा शेंडा फुटतो. तो वेळींच कापला नाहीं, तर पायरीजवळ लाविलेलें गुडघाभर झुडूप पुढें घराच्या छपरावर जाण्याची तयारी करतें.

याच कारणास्तव ‘खुजा’ या शब्दावर संग्राहक एकदम विश्वास ठेवीत नाहीं. अमेरिकेंतील सूचिपर्णी वृक्षांच्या संस्थेनें वार्षिक वाढीवरून वर्ग ठरविले आहेत : वर्षाला सुमारें अडीच सेंटिमीटरांहून कमी वाढणारा अतिलघु, अडीच ते पंधरा सेंटिमीटर वाढणारा खुजा, पंधरा ते तीस मध्यम, त्यापुढें मोठा. अर्थात् खुजा म्हणजे वाढ थांबलेला नव्हे, तर सावकाश वाढणारा, एवढाच त्याचा अर्थ.

आतां नांवांकडे वळूं. जुन्या वाणांचीं नांवें लॅटिन आहेत : ‘ऑरिया’ म्हणजे सोनेरी, ‘पेंड्युला’ म्हणजे लोंबता, आणि मराठी कानास वडीलधाऱ्या माणसाचें वाटणारें ‘नाना’ म्हणजे चक्क खुजा. लागवडीच्या वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम १९५३ सालीं प्रथम प्रसिद्ध झाले, व १९५९ च्या आरंभापासून नव्या वाणास लॅटिन नांव देणें बंद झालें. त्यामुळें नव्या नांवांत चालत्या भाषांचे शब्द दिसतात. जर्मन रोपवाटिकाकार ग्युंटर होर्स्टमान यांचा कोरियन फरचा ‘सिल्बरलोके’ हा वाण त्याचें उत्तम उदाहरण. या नांवाचा अर्थ चांदीची बट. त्याच्या सुया वर वळून पोटाकडील चंदेरी रंग उघडा करतात, त्यामुळें सबंध झाडावर हिंव पडल्यासारखें दिसतें. याच वाणावर निघालेल्या एका ‘केरसुणी’पासून पुढें ‘आइसब्रेकर’ हा गोलसर, बुटका वाण मिळाला.

ओळखीचा शेवटचा आधार झाड नव्हे, नोंद होय. दोन सोनेरी खुजे वाण शेजारीं ठेवले तर त्यांचा रंग ऋतूप्रमाणें, उन्हाप्रमाणें व वयाप्रमाणें बदलतो. केवळ डोळ्यांवर विसंबून निर्णय देणें धाडसाचें ठरतें. म्हणून जाणता संग्राहक झाडावर धातूची पट्टी लावतो, बागेचा नकाशा ठेवतो, आणि रोप कोठून आलें, केव्हां लाविलें, दरसाल किती वाढलें हें वहींत उतरवितो. पट्टी पक्ष्यानें नेली, थंडीनें तडकली, तरी वही बोलते. नांव हरवलेलें झाड सुंदर राहतें खरें. परंतु त्याची काडी दुसऱ्यास देतांना काय देत आहों हें सांगतां येत नाहीं, आणि तेथून चुकीच्या नांवांची परंपरा सुरू होते.

या नोंदींचें महत्त्व बागेच्या कुंपणापुरतें नाहीं. अर्नेस्ट विल्सन यांनीं १९२० सालीं कोरियन फरचें शास्त्रीय वर्णन केलें. आज तो जगांतील हजारों बागांत आहे, पण त्याच्या मूळच्या डोंगरांवर तो वाळत चालला आहे, व २०११ पासून त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. सिसिली बेटावरील फरचीं तर मोठीं झाडें रानांत तिसाच्या आसपासच उरलीं आहेत. बागांतील विपुलतेनें ही हानि भरून येत नाहीं. कारण कलमानें केलेले हजार ‘सिल्बरलोके’ म्हणजे अखेर एकाच झाडाच्या हजार प्रति होत. रानाची विविधता बियांतच असते. म्हणून वाणांच्या शेजारीं, कोणत्या डोंगरावरील कोणत्या रानांतून बीं आलें याची नोंद असलेलीं साधीं रोपेंहि जो वाढवितो, त्याच्या बागेंत शोभा तर असतेच. शिवाय रानास परत देण्याजोगें कांहींतरी शिल्लक राहतें.