उत्तेजक द्रव्यांचे व्यसन आणि बाह्यरुग्ण उपचारपद्धती : लोहारा-यवतमाळ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

व्यसनमुक्ती म्हणजे केंद्रात दाखल होणे, अशी समाजात सर्वसाधारण समजूत आहे. दारू व अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ती काही अंशी योग्य असली, तरी उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनास ती जशीच्या तशी लागू होत नाही. प्रस्तुत लेखात उत्तेजक द्रव्यांचे स्वरूप, बाह्यरुग्ण उपचारामागील शास्त्रीय आधार, त्याच्या मर्यादा आणि लोहारा-यवतमाळ परिसरातील त्याची व्यवहार्यता यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : उत्तेजक द्रव्ये, बाह्यरुग्ण उपचार, समुपदेशन, खर्रा, मेफेड्रोन, यवतमाळ.

प्रस्तावना

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कार्याला लोकमान्यता मिळवून देण्यात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा वाटा मोठा आहे. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये हे केंद्र सुरू केले. त्या काळात ब्राऊन शुगरने शहरांतील तरुणांना ग्रासले होते आणि निवासी उपचार ही तेव्हाची खरी गरज होती. पुढे 'व्यसनमुक्ती' आणि 'निवासी केंद्र' हे दोन शब्द मराठी मनात एकरूप झाले. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, ज्याला महिनाभर घर, शेत वा नोकरी सोडणे शक्य नाही, तो आपल्यासाठी उपचारच नाही असे समजून गप्प बसतो.

हे गप्प बसणे किती व्यापक आहे, याची कल्पना केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या वतीने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून येते. बेकायदेशीर मादक द्रव्यांवर अवलंबून असलेल्या सुमारे वीस व्यक्तींपैकी एकीलाच दाखल होऊन उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. दारूच्या बाबतीत कोणताही उपचार मिळाल्याचे प्रमाण सुमारे अडतिसात एक असे होते. उपचाराचे दार नेमके कोठे उघडावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकीय नसून सामाजिकही आहे.

उत्तेजक द्रव्ये : संकल्पना व स्वरूप

मेंदू व मज्जासंस्थेची क्रिया वाढविणारी, झोप व भूक दडपणारी आणि तात्पुरता उत्साह देणारी द्रव्ये म्हणजे उत्तेजक द्रव्ये होत. कोकेन, अ‍ॅम्फेटामीन, मेथअ‍ॅम्फेटामीन व मेफेड्रोन ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. ही द्रव्ये मेंदूतील डोपामिन या रसायनाची पातळी कृत्रिमरीत्या वाढवितात. जेवण, मैत्री, कामातील यश यांतून मिळणारे नैसर्गिक समाधान त्यापुढे फिके पडते आणि हळूहळू मेंदू त्या द्रव्यावाचून आनंद अनुभवण्याची क्षमताच गमावू लागतो.

उपरोक्त राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील दारूसेवनाचे प्रमाण १४.६ टक्के, तर अ‍ॅम्फेटामीन प्रकारातील उत्तेजकांचे ०.१८ टक्के व कोकेनचे ०.१० टक्के आढळले. हे आकडे लहान असले तरी निश्चिंत राहावे अशी परिस्थिती नाही. 'एमडी' किंवा 'म्याव म्याव' या नावांनी ओळखले जाणारे मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा घालून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले. हे द्रव्य परदेशातून येण्याची वाट पाहावी लागत नाही, ते राज्यातच तयार होऊ शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

विदर्भाच्या ग्रामीण भागात मात्र सर्वपरिचित उत्तेजक वेगळेच आहे. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून दिला जाणारा खर्रा हा येथील दैनंदिन जीवनाचा भाग बनला आहे. तंबाखूतील निकोटिन व सुपारीतील अ‍ॅरेकोलिन ही दोन्ही द्रव्ये मज्जासंस्थेला उत्तेजित करतात. 'काम करताना तरतरी येते' हे खर्रा खाणाऱ्याचे समर्थन या अर्थाने खोटे नसते. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते, तर धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. मेफेड्रोन आणि खर्रा यांची तीव्रता व कायदेशीर स्थिती अत्यंत भिन्न आहे. तथापि दोन्हींच्या उपचारात एक साम्य आहे, ते म्हणजे बहुसंख्य रुग्णांना त्यासाठी दाखल होण्याची आवश्यकता नसते.

बाह्यरुग्ण उपचाराचा शास्त्रीय आधार

दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने दारू अचानक बंद केल्यास फिट येणे, भ्रम होणे, प्रसंगी मृत्यू ओढवणे असे धोके संभवतात. म्हणून तेथे वैद्यकीय देखरेख अपरिहार्य ठरते. उत्तेजक द्रव्ये बंद केल्यानंतरचे चित्र याहून निराळे असते. पहिले काही दिवस रुग्ण गळून जातो, खूप झोपतो, खूप खातो. त्यानंतर काही आठवडे उदासी, कशातच रस न वाटणे, चिडचिड आणि मधूनमधून उसळणारी तलफ अशी अवस्था राहते. हे त्रासदायक असले तरी शारीरिकदृष्ट्या सहसा जीवघेणे नसते. खरी कसोटी शरीरातून द्रव्य निघून गेल्यानंतरच्या या आठवड्यांत लागते. हे आठवडे रुग्णाला अखेर त्याच गल्लीत, त्याच मित्रांमध्ये आणि त्याच कामावर काढावयाचे असतात. बाह्यरुग्ण उपचार त्याला त्याच परिस्थितीत राहून तिला तोंड देण्यास शिकवितो, हे त्याचे बलस्थान होय.

दुसरे कारण औषधांच्या मर्यादेचे आहे. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखी प्रभावी औषधे उपलब्ध आहेत. कोकेन, मेथअ‍ॅम्फेटामीन किंवा मेफेड्रोनसाठी तसे सर्वमान्य औषध अद्याप नाही. मेथअ‍ॅम्फेटामीनवर नॅल्ट्रेक्सोन इंजेक्शन व ब्युप्रोपिऑन यांच्या एकत्रित वापराची अमेरिकेत चाचणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत औषध घेणाऱ्यांपैकी १३.६ टक्के, तर केवळ आभासी औषध घेणाऱ्यांपैकी २.५ टक्के रुग्णांत अपेक्षित सुधारणा दिसली. हा लाभ खरा असला तरी मर्यादित आहे. परिणामी उपचाराचा मुख्य भार समुपदेशनावर व वर्तनात्मक पद्धतींवरच पडतो आणि त्या नियमित भेटींतून देता येतात.

तंबाखूच्या बाबतीत परिस्थिती अधिक आशादायक आहे. निकोटिन च्युइंगम, ब्युप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन यांचा समुपदेशनासोबत उपयोग होतो. भारतात २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तेरा तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली, तीही बाह्यरुग्ण स्वरूपाचीच होती.

प्रमुख उपचारपद्धती

१. मॅट्रिक्स पद्धती : १९८० च्या दशकात कोकेनच्या साथीच्या वेळी लॉस एंजेलिस येथे ही पद्धती विकसित झाली. सोळा आठवड्यांच्या या कार्यक्रमात वैयक्तिक समुपदेशन, गटसत्रे, कुटुंबीयांचे प्रशिक्षण आणि लघवीची नियमित तपासणी यांचा समावेश असतो. आठ केंद्रांतील ९७८ रुग्णांवरील २००४ च्या अभ्यासात या पद्धतीतील रुग्ण उपचारात अधिक काळ टिकले आणि उपचारकाळात द्रव्यापासून अधिक दूर राहिले. मात्र उपचार संपल्यावर व सहा महिन्यांनंतर इतर पद्धतींच्या तुलनेत हा फरक टिकला नाही. उपचार संपल्यानंतरचा पाठपुरावा किती महत्त्वाचा आहे, हाच या अभ्यासाचा धडा होय.

२. प्रोत्साहनाधारित पद्धती : तपासणीत द्रव्य न आढळल्यास रुग्णाला लगेच लहानसे बक्षीस वा कूपन दिले जाते. नॅन्सी पेट्री या संशोधिकेने भांड्यातून चिठ्ठी काढण्याची कमी खर्चाची रीत रूढ केली. व्यसन सोडण्यासाठी बक्षीस कशाला, असा नैतिक आक्षेप यावर घेतला जातो. परंतु ज्या मेंदूला दूरच्या लाभाचे आकर्षण उरलेले नाही, त्याला जवळचा, निश्चित लाभ दाखवून पुन्हा सवय लावणे हा त्यामागील विचार आहे. २०१८ मध्ये पन्नास चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात ही पद्धती व समाजाधारित प्रबलन यांचा संयोग सर्वाधिक परिणामकारक ठरला. मेफेड्रोनसाठी एक अडचण अशी की, नेहमीच्या तपासणी पट्ट्यांवर ते खात्रीने ओळखता येत नाही.

३. बोधात्मक वर्तनोपचार : तलफ केव्हा, कोठे व कोणासोबत येते याची रुग्णाकडून नोंद करून घेऊन पर्यायी कृती ठरविली जाते. तलफ ही लाटेसारखी असते, ती चढते आणि न पुरविताही ओसरते, हा अनुभव रुग्णाने स्वतः घेणे येथे महत्त्वाचे असते.

बाह्यरुग्ण उपचार कोणासाठी नाही?

पुढील परिस्थितींत दाखल करणे अनिवार्य किंवा इष्ट ठरते :

(१) आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न;
(२) भास, संशय, हिंसक वर्तन अशी तीव्र मनोविकाराची लक्षणे;
(३) छातीत दुखणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे यांसारख्या शारीरिक तक्रारी;
(४) सोबत दारू, झोपेच्या गोळ्या वा अफूजन्य पदार्थांचे अवलंबन;
(५) घरातच द्रव्याची उपलब्धता वा छळ;
(६) बाह्यरुग्ण उपचार वारंवार अयशस्वी होणे.

यांपैकी पहिला मुद्दा यवतमाळच्या संदर्भात विशेष गंभीर आहे. उत्तेजक बंद केल्यानंतरची खोल उदासी आणि शेतीतील कर्ज वा नापिकी यांची गाठ पडली, तर धोका अनेक पटींनी वाढतो. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात यवतमाळचा समावेश आहे. प्रत्येक भेटीत आत्महत्येच्या विचारांविषयी स्पष्टपणे विचारणे हा येथील बाह्यरुग्ण उपचाराचा अविभाज्य भाग असला पाहिजे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे.

लोहारा-यवतमाळ परिसरातील व्यवहार्यता

लोहारा हे यवतमाळ शहराला लागून असलेले गाव आहे. येथील औद्योगिक वसाहतीमुळे पाळीत काम करणारा कामगारवर्ग या भागात आहे आणि भोवताली कापूस-सोयाबीनची शेती आहे. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी उत्तेजकाचा आधार घेणे ही कामगारवर्गात सर्वत्र आढळणारी प्रवृत्ती आहे. अशा कामगारास महिनाभर दाखल होणे म्हणजे रोजगारावर पाणी सोडणे होय. आठवड्यातून एक-दोनदा पाळी सांभाळून येणे त्याला शक्य असते. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लोहाऱ्याहून जवळ असल्याने तो बाह्यरुग्ण उपचाराचा स्वाभाविक आधार ठरू शकतो.

झरी जामणी, मारेगाव यांसारख्या तालुक्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा येणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. तेथे 'बाह्यरुग्ण' या शब्दाला अर्थ यावयाचा असेल तर सेवाच जवळ न्यावी लागेल. विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून चालू असलेल्या मुक्तिपथ अभियानाने दारू व तंबाखूसाठी तालुका पातळीवरील क्लिनिक आणि गावातील शिबिरे यांचा मार्ग अवलंबिला आहे. ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांच्या जोडणीतून यवतमाळातही असा विचार करता येईल.

उपचाराचे वेळापत्रक स्थानिक जीवनक्रमाशी जुळणेही आवश्यक आहे. कापूस विकून हाती पैसा आल्याचे दिवस हे तलफेचे दिवस असतात. सणाच्या दिवशी मित्रमंडळींचा आग्रह होतो. या काळात भेटी वाढविणे आणि पैशाचा व्यवहार काही काळ कुटुंबातील विश्वासू व्यक्तीकडे सोपविणे, हे साधे उपाय उपयोगी पडतात. वेचणी व पेरणीच्या दिवसांत मात्र दूरध्वनीवरील संपर्कावर भर द्यावा लागेल.

कायदा, गोपनीयता आणि महाविद्यालयाची भूमिका

उपचारासाठी गेलो तर पोलिसांत नाव जाईल, ही भीती अनेकांना रोखते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक स्थितींचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला असून रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्कही मान्य केला आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी यातून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. अनियमित हजेरी, अचानक वजन घटणे, रात्र रात्र जागरण व नंतर दिवसभर झोप, पैशांची वाढती मागणी अशी चिन्हे दिसल्यास शिस्तभंगाच्या कारवाईपूर्वी खासगीत संवाद साधणे श्रेयस्कर. ही चिन्हे इतर कारणांनीही दिसू शकतात, म्हणून निदान करणे हे अध्यापकाचे काम नव्हे. योग्य ठिकाणी पाठविणे हे मात्र त्याचे काम आहे. सोळा आठवडे म्हणजे जवळपास एक सत्र. तेवढ्या काळात उपचाराच्या भेटींसाठी हजेरीत सवलत मिळाली तर विद्यार्थी शिक्षण व उपचार दोन्ही टिकवू शकतो. नशामुक्ती मदतवाणी १४४४६, टेलि-मानस १४४१६ आणि तंबाखूमुक्तीसाठी १८००-११-२३५६ हे क्रमांक सूचनाफलकावर लावणे हे विनाखर्चाचे पहिले पाऊल ठरेल.

निष्कर्ष

१. उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनात बाह्यरुग्ण उपचार हा दुय्यम पर्याय नसून बहुसंख्य रुग्णांसाठी तोच मुख्य मार्ग आहे.

२. त्याचे यश औषधापेक्षा भेटींच्या नियमिततेवर, कुटुंबाच्या सहभागावर आणि दीर्घ पाठपुराव्यावर अवलंबून असते.

३. आत्महत्येचा धोका, तीव्र मनोविकार व अन्य द्रव्यांचे अवलंबन यांची तपासणी केल्याशिवाय हा मार्ग निवडणे धोक्याचे आहे.

४. लोहाऱ्यासारख्या शहरालगतच्या गावात हा उपचार आजही शक्य आहे, दूरच्या तालुक्यांत त्यासाठी सेवेचे विकेंद्रीकरण आवश्यक आहे.

उपचारादरम्यान एखादी घसरण झाली म्हणजे सारे संपले, असे मानण्याचे कारण नाही. मधुमेह वा रक्तदाबाचा रुग्ण पथ्य मोडल्यावर जसा पुन्हा डॉक्टरांकडे येतो, तसाच व्यसनाचा रुग्णही परत येऊ शकला पाहिजे. त्याला तसे परत येता यावे, इतके जवळचे, स्वस्त आणि अपमानरहित उपचार उपलब्ध करून देणे ही शासन, वैद्यकीय व्यवस्था आणि शिक्षणसंस्था यांची संयुक्त जबाबदारी आहे.