बटाट्यावर अन्याय नको

वजन उतरवायचं ठरलं की ताटातून पहिला हद्दपार होतो तो बटाटा. खरं तर तो स्वस्त आणि कमालीचा पोटभरीचा आहे. १९९५ साली सिडनी विद्यापीठाच्या सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, पोट किती भरलेलं वाटतं ते नोंदवलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले. सर्वांत जास्त! लोण्याने माखलेला क्रोसाँ ४७ गुणांवर तळाला राहिला.

घात होतो तो कढईत. एक ग्रॅम पिष्टात ४ कॅलरी असतात, एक ग्रॅम तेलात ९. म्हणून उकडलेला बटाटा आणि वडा यांना एका मापाने मोजता येत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र बटाट्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

बटाट्यासारखेच स्वस्त आणि पोटभरीचे म्हणजे फुटाणे; संध्याकाळच्या भुकेला त्यांच्यासारखा सोबती नाही. १०० ग्रॅम फुटाण्यांत साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर तंतुमय भाग असतो, शिवाय ते चावून खायला वेळ लागतो. मोड आलेली मटकी, कांदा-टोमॅटो आणि लिंबू, हाही तितकाच खिशाला परवडणारा पर्याय.