श्वास आणि घास (लेखांक ९)

व्हेंटिलेटर काढणे आणि नाकातली अन्नाची नळी काढणे या वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या गोष्टी आहेत. दोन्हींत शरीराचे बंद पडलेले काम बाहेरून चालवणे थांबते. माणसांच्या मनात मात्र त्यांत फार अंतर आहे. यंत्रावरचा श्वास थांबवायला तयार झालेले कुटुंबसुद्धा नळीतून जाणारी पेज थांबवायची म्हटली की मागे सरते. मेंदूमृत्यूवरच्या गेल्या लेखांकानंतर आहुपे या गावाहून आलेल्या पत्रात नेमके हेच विचारले आहे: डोक्याला मार लागून महिनोन्‌महिने उघड्या डोळ्यांनी पडून असलेल्या माणसाचे खाणे बंद केले, तर ते उपचार थांबवणे की उपाशी मारणे? अवयवदानाचा ठरलेला विषय त्यामुळे आठवडाभर पुढे गेला आहे.

मेंदूमृत व्यक्तीबाबत हा प्रश्न उभाच राहत नाही. तिथे मेंदूचा देठच मेलेला असतो आणि चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तसे लिहून दिलेले असते. पत्रातली अवस्था वेगळी आहे. देठ शाबूत, पण जाणीव ज्या भागांतून येते ते भाग निकामी. रुग्ण आपला श्वास आपण घेतो, झोपतो, जागा होतो, डोळे उघडतो, कधी कण्हतो, कधी चेहरा वाकडा करतो. समोर कोण आहे हे मात्र त्याला उमगत नाही. ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन मेंदूतज्ज्ञांनी १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या अवस्थेचे वर्णन केले आणि ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव रूढ झाले. आपल्याकडे तिला सरसकट कोमा म्हटले जाते. कोमात डोळे मिटलेले असतात. इथे ते उघडे असतात. घरच्यांना आशा वाटते ती त्या उघड्या डोळ्यांमुळेच.

महाराष्ट्राने ही अवस्था एकाच व्यक्तीच्या रूपाने जवळजवळ बेचाळीस वर्षे पाहिली. अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या, परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या तेव्हा जीव होता, जाणीव गेली होती. वय पंचवीस. पुढे त्या केईएममध्येच राहिल्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवण्याचा महापालिकेचा प्रयत्न परिचारिकांनी हाणून पाडला. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही त्यांना शय्याव्रण झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयानेही कौतुकाने दखल घेतली. ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा केली आहे, त्यांना या एका गोष्टीमागचे कष्ट सांगावे लागत नाहीत.

लेखिका पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये अरुणा यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मागणी होती अन्न देणे थांबवण्याची. न्यायालयाने डॉ. जे. व्ही. दिवाटिया, डॉ. रूप गुरसहानी आणि डॉ. नीलेश शाह या मुंबईच्या तिघा तज्ज्ञांना तपासणीस पाठवले. कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष अरुणा यांना लागू होतात, असा त्यांचा अहवाल आला. केईएमच्या परिचारिका आणि डॉक्टरांनी अर्जाला ठाम विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला, पण त्याच निकालात ठरावीक परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवनरक्षक उपचार थांबवता येतील असे पहिल्यांदाच मान्य केले. अरुणा यांची खरी ‘निकटची व्यक्ती’ विराणी नव्हेत, तर केईएमचे कर्मचारी, असे न्यायालय म्हणाले. त्यांचे मत पुढे बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे यावे, अशी वाटही ठेवली. ते मत बदलले नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले.

या प्रकरणातली एक बाब बहुतेक चर्चांतून निसटते. अरुणा यांच्या आयुष्याचा प्रश्न बराच काळ नळीचा नव्हताच. कुस्करलेले अन्न त्यांना तोंडाने भरवले जाई आणि त्या ते गिळत. सप्टेंबर २०१० मध्ये मलेरिया झाला, तोंडाने खाणे कमी झाले, तेव्हा नळी आली. ही नोंद लक्षात घेतली की आहुप्याच्या पत्राचे उत्तर दोन भागांत पडते.

जो माणूस गिळतो, त्याला भरवणे हा उपचार नाही. ती सेवा आहे आणि ती कुणालाही थांबवता येत नाही. डॉक्टरला नाही, नातेवाइकाला नाही. केईएमच्या परिचारिकांचा विरोध या पायावर उभा होता आणि तो बरोबर होता. नळीचे तसे नाही. ती कुणीतरी घालावी लागते, योग्य जागी गेली की नाही ते तपासावे लागते, वेळोवेळी बदलावी लागते. तिच्यातून दिलेले अन्न उलटून छातीत गेले तर न्यूमोनिया होतो. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत मेंदूचा प्राणवायू तुटलेल्या टोनी ब्लँड या तरुणाच्या खटल्यात तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फेब्रुवारी १९९३ मध्ये हाच निर्वाळा दिला: नळीने पोसणे हा वैद्यकीय उपचार आहे आणि रुग्णाला ज्याचा काहीच लाभ नाही तो उपचार चालू ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर नाही. ३ मार्च १९९३ रोजी ब्लँड गेला.

कायद्याने मोकळीक दिली तरी मन ऐकतेच असे नाही. अमेरिकेत कॅरन अॅन क्विनलनच्या आईवडिलांनी कोर्टात लढून १९७६ मध्ये मुलीचा व्हेंटिलेटर काढून घेतला. ती स्वतःचा श्वास घेऊ लागली आणि १९८५ पर्यंत जगली. त्या सगळ्या वर्षांत आईवडिलांनी अन्नाची नळी काढा असे कधीच म्हटले नाही. ज्या समाजात शेवटच्या घटकेलाही तोंडात पाणी घालतात, तिथल्या कुटुंबाला हे समजायला जड जाऊ नये. नळी चालू ठेवणारे कुटुंब अडाणी नसते आणि थांबवणारे निर्दय नसते. जाणीवच उरलेली नसेल तर भूक लागल्याचे दुःखही उरत नाही. ओठ ओले ठेवणे, तोंड पुसणे, कूस बदलणे, वेदनेची शंका असली तर औषध देणे, हे सगळे नळी काढल्यावरही चालूच राहते. म्हणून पत्राला उत्तर असे: जाणीव परत येणार नाही हे नक्की झाले असेल आणि रुग्णाची इच्छा तशीच असेल, तर नळी थांबवणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे.

अडचण त्या ‘नक्की’मध्ये आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून घातलेला दंडक असा: प्राणवायू तुटून मेंदू गेला असेल तर तीन महिने आणि डोक्याला मार लागला असेल तर बारा महिने थांबल्याशिवाय ही अवस्था कायमची आहे असे म्हणू नये. पुढे २०१८ मध्ये ‘कायमची’ हा शब्दच सोडून दिला गेला, कारण त्यानंतरही काही जण सावध होताना दिसले. केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी रस्ता अपघातात जायबंदी झालेल्या एका तरुणीला स्कॅनच्या यंत्रात असताना ‘टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर’ असे सांगितले आणि तिच्या मेंदूचे नेमके तेच भाग उजळले, जे धडधाकट माणसाचे उजळतात. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा खाटेशेजारी केलेल्या तपासणीवरचा पुष्कळांचा विश्वास हलला. मार लागलेल्या मेंदूला वेळ हेच पहिले औषध आहे, तरुण मेंदूला तर फारच.

आणि वेळ विकत घ्यावा लागतो. आहुपे सह्याद्रीच्या ऐन धारेवर, भीमाशंकर अभयारण्यात, घोड नदीच्या उगमाजवळ. खाली उतरले की मुरबाडची बाजू, मागे वळले की डिंभ्याच्या पाण्याच्या कडेकडेने घोडेगाव. हिरडा झोडताना झाडावरून पडलेल्या किंवा घाटात मोटारसायकल घसरलेल्या माणसाला आधी घोडेगाव, मग मंचर, मग पुणे असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास घडतो. पुण्यात अतिदक्षता विभागाचे बिल रोज वाढते. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणते, ‘घरी घेऊन जातो.’ वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जच्या कागदावर सही होते आणि व्हेंटिलेटरच्या जागी हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग येते. ही सहीदेखील जीवरक्षक उपचार थांबवण्याचाच निर्णय असते, पण तो कुठल्याही वैद्यकीय मंडळापुढे जात नाही. बारा महिने थांबायचे तिथे पाच दिवसांत निकाल लागतो आणि तो पैसा लावतो. व्यर्थ लांबवलेल्या उपचारांवर भरपूर लिहिले जाते. अकाली तोडलेल्या उपचारांवर फारच थोडे. डोंगरातल्या कुटुंबांसाठी दुसरा अन्याय जास्त मोठा आहे. म्हणून सही करण्यापूर्वी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवणे बंधनकारक आहे. पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयाचे दारही आहे.

थांबवायचेच असेल तर त्याची रीत आता ठरलेली आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. आधी रुग्णालयाचे तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचे, कुटुंबाची संमती घ्यायची आणि अंमलापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय आहे. जमिनीच्या वाटणीसाठी कुणी म्हाताऱ्याचा श्वास तोडेल ही भीती खोटी नाही. पण तिला उत्तर म्हणूनच दोन मंडळे आहेत. घरी नेण्याच्या सहीवर असा कुठलाच पहारा नाही.

अरुणा यांना काय हवे होते हे कुणालाच कळले नाही, कारण पंचविसाव्या वर्षी असे कुणी लिहून ठेवत नाही. आता तशी सोय आहे. सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही केलेले, नोटरीने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले इच्छापत्र पुरते. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात घालायची असतात. ते केव्हाही बदलता येते. ‘काहीही झाले तरी उपचार चालू ठेवा’ असेही त्यात लिहिता येते, हे विसरू नये. गोव्यात न्या. महेश सोनक यांनी ३१ मे २०२४ रोजी आपले इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. महाराष्ट्रात अशी पत्रे सांभाळणारे अधिकारी नेमले जावेत यासाठी मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले.

प्रत कुठे द्यायची, हा आहुप्याच्या पत्रातला शेवटचा प्रश्न. २०२३ च्या आदेशात महापालिका आणि नगरपालिका यांच्याबरोबर पंचायतीचेही नाव आहे. पंचायतीने त्यासाठी सक्षम अधिकारी नेमायचा आहे आणि तोच त्या कागदाचा राखणदार. आहुपे अनुसूचित क्षेत्रात येते. तिथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. येत्या ग्रामसभेत अधिकारी नेमण्याचा ठराव मांडावा, एक प्रत घरच्यांकडे व एक नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवावी आणि पंचायतीत दिलेल्या प्रतीची पोच मागून घ्यावी.