रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे नेमके काय?

‘पॉझिटिव्ह विचार करा’ असे येताजाता ऐकल्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे चांगले, हे मनात पक्के बसलेले असते. लॅबच्या कागदावर मात्र या विशेषणाला चांगले-वाईट काही ठाऊक नसते. जे शोधत होतो ते सापडले, एवढेच ते सांगते.

पण सापडले म्हणजे आजार नक्की, असेही नाही. याच गैरसमजाने माणसे सर्वाधिक हादरतात. क्षयासाठीची मॉन्टू टेस्ट बघा. हातावर कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी तिथला टणकपणा मोजतात. लाली मोजायची नसते. तो साधारण १० मिलिमीटर किंवा जास्त भरला, की टेस्ट पॉझिटिव्ह. याचा अर्थ, क्षयाच्या जंतूंशी शरीराची कधीतरी गाठ पडली असावी. बीसीजीच्या लशीमुळेही असे होऊ शकते. जंतू शरीरात शिरलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षय होतो. म्हणून बेडका आणि एक्स-रे तपासल्याशिवाय क्षयाचा शिक्का मारू नये. टायफॉइडची विडाल टेस्टही जुन्या आजारामुळे किंवा लशीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. लक्षणे नसलेल्या माणसाला एचआयव्ही आहे असे सांगण्याआधी आपल्याकडे तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी करतात, ती याच काळजीपोटी. पहिल्याच कागदावरून घरात रडारड सुरू होणे फार क्लेशदायक आहे, आणि ते टाळता येते.

निगेटिव्हवरही डोळे झाकून विसंबू नये. एचआयव्हीची लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते.

स्तनाच्या कर्करोगात ‘ईआर पॉझिटिव्ह’ हे शब्द वाचून धास्ती वाढते. वास्तविक, गाठीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आढळले, एवढाच त्याचा अर्थ. अशा गाठीवर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी उपयोगी पडते.

आणि रक्तगट. ‘निगेटिव्ह’ रक्तात उणीव नसते. तांबड्या पेशींवर ‘डी’ हा घटक नसतो, इतकेच. मात्र आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यायला हवे. गर्भपातानंतरही त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.