इनकॉग्निटोची काळी खिडकी आणि ऑफिसचा लॅपटॉप

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या सेक्टर फाइव्हपासून पुण्याच्या हिंजवडीपर्यंत, जिथे जिथे माणसं गळ्यात ओळखपत्र अडकवून कामाला जातात, तिथे एक समजूत हमखास भेटते: इनकॉग्निटो विंडो उघडली की ऑफिसला काही दिसत नाही. मग दुसरी नोकरी शोधणं, डॉक्टरांची वेळ घेणं, कर्जाची चौकशी, सगळं त्या काळ्या खिडकीत चालतं. स्वतः कोड लिहिणारी माणसंही हे ठासून सांगतात तेव्हा वैताग येतो, कारण याचं खंडन शोधायला कुठे जावंच लागत नाही. क्रोममध्ये ही विंडो उघडली की पहिल्याच पानावर गूगलने लिहिलेलं असतं, की तुमचा वावर संकेतस्थळांना, तुम्हाला नोकरी देणाऱ्यांना किंवा शाळेला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तरीही दिसू शकतो. पण ते पान वाचतो कोण?

इनकॉग्निटोचं काम मर्यादित आहे. विंडो बंद केली की ब्राउझर तुमची हिस्टरी आणि कुकीज टाकून देतो. म्हणजे त्याच संगणकावर त्याच खात्याने नंतर बसणाऱ्याला त्या सापडत नाहीत. हे म्हणजे स्वतःच्या डायरीचं पान फाडण्यासारखं झालं. वॉचमनच्या वहीतली तुमच्या येण्याजाण्याची नोंद त्याने पुसली जात नाही. ऑफिसात ही वही अनेक ठिकाणी लिहिली जाते. संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरवर, बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी तपासणाऱ्या फायरवॉलवर, आणि खुद्द लॅपटॉपवर बसवलेल्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार तर कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावेच लागतात. तेव्हा हिस्टरी पुसून सुटका झाली असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शिवाय ॲडमिनला इनकॉग्निटो नकोच असेल तर तो एका पॉलिसीने सगळ्या संगणकांवरून काढून टाकू शकतो. बहुतेक जण काढत नाहीत, कारण त्यांचं त्याने काही अडत नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: आता सगळीकडे एचटीटीपीएस आहे, मजकूर कूटबद्ध होऊन जातो, मग ऑफिस वाचणार काय? आक्षेप अर्धा खरा आहे. साध्या नेटवर्कवरून पाहणाऱ्याला सहसा संकेतस्थळाचं नाव कळतं, आतलं पान नाही. नोकरीच्या संकेतस्थळावर गेलात हे कळेल, अर्जात काय लिहिलं ते नाही. पण हे संरक्षण उभं आहे ते तुमचा संगणक कोणत्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवतो यावर, आणि ऑफिसच्या संगणकावर ते ऑफिस ठरवतं. कंपनीने आपलं मूळ प्रमाणपत्र त्यात बसवलं की मधला प्रॉक्सी कूटबद्ध मजकूर उलगडतो, तपासतो आणि पुन्हा गुंडाळून पुढे पाठवतो. इनकॉग्निटो त्याच प्रमाणपत्रांच्या भरवशावर चालतो, म्हणून तिथेही कुलपाचं चिन्ह जागच्या जागी दिसतं. सगळीच कार्यालयं असं करत नाहीत, आणि करणारी अनेकदा बँकांची व आरोग्याची संकेतस्थळं मुद्दाम वगळतात. पण वगळायचं की नाही हे तुमच्या हातात नसतं. आणि कूटबद्धता फक्त वाटेवरचं संरक्षण करते. पडद्यावर मजकूर उलगडलेलाच असतो, आणि तो पडदा ज्या यंत्राचा, त्याचा मालक वेगळा आहे.

यंत्राइतकाच खात्याच्या मालकीचा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो किती महागात पडू शकतो हे कोलकात्याने पाहिलं आहे. एप्रिल २०१२मध्ये जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. मेल गेला होता त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीच्या खात्यावरून, आणि त्यांच्यासोबत सोसायटीच्या वयोवृद्ध सचिवांनाही पोलिसांनी पकडलं. राज्य मानवी हक्क आयोगाने भरपाईची शिफारस केली, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ खाली गुन्हा नोंदवला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये रद्द केलं, तरी प्राध्यापकांची खटल्यातून सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. अटक अन्यायाचीच होती. पण संस्थेच्या खात्यावरून गेलेल्या मजकुरावर संस्थेचं नाव असतं आणि झळ तिच्या पदाधिकाऱ्यांना लागते, म्हणूनच कंपन्या त्या खात्यांवर हक्क सांगतात. गूगल वर्कस्पेस असो की मायक्रोसॉफ्ट ३६५, चौकशीच्या वेळी मेल आणि चॅट शोधण्याची, पुसलेलेही राखून ठेवण्याची सोय त्यांच्या अनेक योजनांमध्येच असते. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे आपल्याला चांगल्याच परिचित असलेल्या एन्रॉन कंपनीच्या चौकशीत अमेरिकी नियामकाने २००३मध्ये कर्मचाऱ्यांचे लाखो मेल जाहीर केले. त्यात घरगुती पत्रव्यवहारही होता, आणि त्यावर आजही संशोधक प्रयोग करतात.

हे ऐकून काही जण दुसरं टोक गाठतात: ॲडमिन सतत सगळं बघत बसलेला असतो. तेही खोटं. शक्य असणं, चालू असणं आणि कुणीतरी बघत असणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत. लॉगचे ढीग साठतात. उघडले जातात ते बहुधा तक्रार आली की, आणि नीट चालवलेल्या यंत्रणेत कुणी उघडले याचीही नोंद होते. ‘मालकाचं यंत्र, त्यामुळे मालकाला सगळ्याची मुभा’ हा मनुष्यबळ विभागाचा आवडता युक्तिवादही तितकाच लंगडा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टास्वामी निकालातला खासगीपणाचा मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो, हे खरं. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सातवं कलम नोकरीच्या कारणांसाठी, कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीविना डेटा वापरू देतं, हेही खरं. पण ती मुभा त्या कारणांपुरती आहे. कर्मचाऱ्याच्या आजारपणाचे निरोप चाळणं त्यात कसं बसवणार? युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सप्टेंबर २०१७मध्ये बार्बुलेस्कू खटल्यात हेच तपासलं. रोमानियातल्या एका अभियंत्याला याहू मेसेंजरवर भावाशी आणि वाग्दत्त वधूशी बोलल्यावरून काढलं होतं. ‘खासगी वापर मना आहे’ एवढा नियम पुरत नाही. पाळत कशी आणि किती, हे आधी सांगायला हवं, असं ११ विरुद्ध ६ मतांनी ठरलं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण रुजू होताना सही केलेल्या धोरणात हे लिहिलं आहे का, एवढं विचारायला हरकत कुणाची?

बाकीच्या समजुती एकेका ओळीच्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचा व्हीपीएन टाकला की लपता येतं: लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर तिथेच असतं, उलट नवा व्हीपीएन दिसताच इशारा जाऊ शकतो. व्हॉट्सॲप वेब सुरक्षित आहे: वाटेवर आहे, पडद्याचं चित्र टिपणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे नाही. ऑफिसच्या वायफायवर आपला फोन जोडला की फोटो दिसतात: नाही, संकेतस्थळांची नावं फार तर कळतात. स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर कंपनीचं वर्क प्रोफाइल घेतलं की सगळा फोन त्यांचा: त्यांच्या ताब्यात कामाचाच कप्पा येतो, पुसला तर तोच पुसला जातो. फोन कंपनीनेच दिलेला असेल तर मात्र लॅपटॉपबद्दल म्हटलेलं बहुतेक सगळं त्यालाही लागू.