सर्व्हर आधी, स्प्रिंग नंतर

वैराग, बार्शी, माढा या पट्ट्यातली मुलं बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंग उरकून पुणं गाठतात, तेव्हा कानावर पडणारा पहिला सल्ला असतो, 'जावा फुलस्टॅक कर.' सल्ला चुकीचा नाही. बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या उद्योगांच्या आतल्या कामकाजाचा मोठा हिस्सा आजही जावावर चालतो. अडचण वेगळीच आहे. चार-सहा महिन्यांत भाषा, स्प्रिंग बूट, रिअ‍ॅक्ट असं सगळं उरकलं जातं, पण ते ज्याच्यावर चालतं तो अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर बऱ्याच ठिकाणी कोणी उघडून दाखवत नाही. मग मुलाखतीत कुणी विचारलं, 'तुमचं अ‍ॅप्लिकेशन रात्री दोनला अडकलं तर आधी काय बघाल?' की बोलती बंद होते. हे शिकायला पुण्यातच राहावं लागतं असं नाही. त्यातलं बरंचसं वैरागला घरी बसून जमतं.

सर्व्हर करतो तरी काय

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता ऑनलाइन लागतो आणि पुढच्या पाच मिनिटांत राज्यभरातून लाखो मोबाइल तेच पान मागत बसतात. असा लोंढा एखाद्या जावा अ‍ॅप्लिकेशनवर आला तर काय होईल, ते पाहू. आलेली प्रत्येक विनंती सर्व्हर एका थ्रेडच्या हवाली करतो. टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये काही न बदलता हे कामकरी थ्रेड जास्तीत जास्त २०० असतात. एका क्षणी दोनशे विनंत्यांवर काम चालतं आणि बाकीच्या ताटकळतात. आकडा वाढवून दोन हजार केला की प्रश्न सुटला, असं नवख्याला वाटतं. तसं होत नाही. प्रत्येक थ्रेडला मेमरी लागते, आणि त्यातल्या बहुतेकांना शेवटी डेटाबेसच्याच दारात उभं राहायचं असतं.

डेटाबेसशी दर वेळी नवी जोडणी करणं महागात पडतं. म्हणून सर्व्हर काही जोडण्या आधीच करून ठेवतो, लागेल तशी एक देतो आणि काम झालं की परत घेतो. याला कनेक्शन पूल म्हणतात. घेतलेली जोडणी परत करायला प्रोग्रामर विसरला, तर पूल हळूहळू रिकामा होतो आणि एका दुपारी सगळं ठप्प होतं. सकाळी नीट चालणारं अ‍ॅप्लिकेशन दुपारी अडकतं आणि रीस्टार्ट केलं की पुन्हा चालतं, अशी तक्रार आली की जाणकार माणूस आधी पूलच तपासतो.

तिसरं काम ट्रॅन्झॅक्शनचं. पतसंस्थेच्या एका खात्यातून ५,००० रुपये वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर वजा झालेली रक्कम मूळ खात्यात परत दिसली पाहिजे. दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही, याची हमी ट्रॅन्झॅक्शन देतं. खरी हमी डेटाबेसची असते. पण ट्रॅन्झॅक्शन कुठं सुरू करायचं, कुठं संपवायचं आणि दोन डेटाबेस गुंतले असतील तर त्यांचा मेळ कसा घालायचा, हे पूर्ण अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर सांभाळतो. याशिवाय लॉगिन, सेशन, सुरक्षा हेही त्याच्याकडेच. आपण फॉर्म अर्धा भरून चहाला गेलो की परत आल्यावर 'सेशन एक्स्पायर्ड' दिसतं. ती मुदतही सर्व्हरच्या सेटिंगमध्येच ठरते. टॉमकॅटमध्ये ती मुळात ३० मिनिटांची असते.

नावांचा गुंता आणि जुने व्हिडिओ

हे सगळं दर वेळी हातानं लिहावं लागू नये, म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सनं डिसेंबर १९९९ मध्ये जे-टू-ईई नावाचा नियमसंच आणला. २००६ मध्ये त्याचं नाव जावा ईई झालं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलनं घेतली, २०१७ मध्ये ओरॅकलनं जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं आणि २०१८ मध्ये नवं नाव आलं, जकार्ता ईई. 'जावा' या नावाचा हक्क ओरॅकलनं स्वतःकडेच ठेवल्यामुळे हे नामांतर करावं लागलं.

नावापुरतं असतं तर विद्यार्थ्याला फरक पडला नसता. पण डिसेंबर २०२० मधल्या जकार्ता ईई ९ मध्ये कोडमधल्या पॅकेजचंही नाव बदललं. आधी जिथं 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट' लिहीत, तिथं आता 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' लिहावं लागतं. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, टॉमकॅट १० पासून पुढचे फक्त नवं. यूट्यूबवरचे सर्व्हलेटचे असंख्य धडे मात्र जुन्या नावाचे आहेत. मुलगा २०१८ चा व्हिडिओ लावतो, टॉमकॅट ताजा उतरवतो, धड्यातला कोड जसाच्या तसा टाइप करतो आणि समोर लाल रेघा नाहीतर ४०४ येतो. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चूक कुणाचीच नसते, आवृत्त्या जुळलेल्या नसतात. जुना धडा गिरवायचा असेल तर टॉमकॅट ९ घ्या, नवं शिकायचं असेल तर १०.१ किंवा ११. टॉमकॅट ११ ला जावा १७ किंवा त्यापुढची लागते. जुनी तयार वॉर फाइल, म्हणजे एकत्र बांधलेलं वेब अ‍ॅप्लिकेशन, नव्या टॉमकॅटवर चढवायची असेल तर 'वेबअ‍ॅप्स-जावाईई' नावाचं फोल्डर करून त्यात टाका, टॉमकॅट स्वतःच ती नव्या नावांत बदलून घेतो. ही सोय अनेक अनुभवी लोकांनाही ठाऊक नसते.

बाजारातले सर्व्हर

टॉमकॅट फुकट आहे, हलका आहे, पण तो सर्व्हलेट आणि जेएसपीपुरता सर्व्हर आहे, जावा ईईचा पूर्ण संच त्यात नाही. पूर्ण संच फुकटात हवा तर वाइल्डफ्लाय. हा पूर्वीचा जेबॉस. जेबॉस कंपनी २००६ मध्ये रेड हॅटनं घेतली. शिकायला ग्लासफिशही चालतो.

बँका आणि मोठ्या संस्थांत गाठ पडते ती वेबलॉजिक आणि वेबस्फिअरशी. वेबस्फिअर आयबीएमचा. वेबलॉजिक आधी बीईए कंपनीचा होता, २००८ मध्ये ओरॅकलकडे आला. नव्या प्रकल्पांत यांची चलती कमी झाली असली, तरी चालू असलेली जुनी व्यवस्था कोणी एका रात्रीत मोडीत काढत नाही. म्हणून 'मिडलवेअर सपोर्ट' नावाच्या नोकऱ्या अजून निघतात. रात्रपाळी असते, नाव मोठं नसतं, पण तिथं दोन वर्षं काढलेला माणूस व्यवस्था कशी कोसळते ते जवळून पाहतो. माझ्या मते छोट्या गावातून आलेल्या मुलांनी या नोकऱ्यांकडे नाक मुरडू नये. वेबलॉजिक शिकण्यापुरता ओरॅकलच्या साइटवरून फुकट उतरवता येतो. डोमेन, अ‍ॅडमिन सर्व्हर, मॅनेज्ड सर्व्हर, नोड मॅनेजर हे चार शब्द एकदा करून पाहिले की बाकीचं सोपं जातं. एखादा थ्रेड ६०० सेकंद एकाच विनंतीत अडकला की वेबलॉजिक त्याला 'स्टक' ठरवतो. मुलाखतीत हा प्रश्न ठरलेला समजा.

आणि स्प्रिंग बूट? २०१४ मध्ये आलेल्या या साधनानं टॉमकॅट अ‍ॅप्लिकेशनच्या पोटातच घातला. एक जार फाइल चालवली की सर्व्हर आपोआप सुरू होतो. काम झटपट होतं यात वाद नाही. पण सर्व्हर दिसेनासा झाल्यामुळे तो नाहीच, असं शिकणाऱ्याला वाटायला लागलं. थ्रेड, पूल, सेशन सगळं तिथंही तेच आहे.

लिहायची साधनं

एक्लिप्स २००१ मध्ये आयबीएमनं खुलं केलं. घेताना त्यातली 'एंटरप्राइझ जावा अँड वेब डेव्हलपर्स' ही आवृत्तीच घ्या, साध्या आवृत्तीत सर्व्हरची सोय नसते. इंटेलिजे आयडिया कामाला जास्त सुखाचं आहे आणि कॉलेजच्या ईमेलवर त्याची पूर्ण आवृत्ती विद्यार्थ्यांना फुकट मिळते. दोन्ही मेमरी भरपूर खातात. ८ जीबी रॅमखाली हाल होतात, १६ असेल तर उत्तम.

मेव्हनबद्दल मात्र गावाकडच्या मुलांना कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्ररी मेव्हन इंटरनेटवरून ओढून आणतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड जीबी डेटा असेल तर पहिल्याच दिवशी त्याला खिंडार पडतं. पण एकदा आणलेलं सगळं 'डॉट एम-टू' या फोल्डरमध्ये साठून राहतं. पुढच्या वेळी मेव्हनच्या आज्ञेत 'वजा ओ' लावा, म्हणजे तो नेटकडे न जाता साठ्यातूनच घेतो. सोलापूरला मित्राकडे वायफाय असेल तर ते फोल्डर तिथून पेनड्राइव्हवर आणलं तरी चालतं. लाइट गेली, नेट गेलं, तरी लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत अभ्यास चालू राहतो.

घरच्या लॅपटॉपवर पहिला दिवस

एक्लिप्समधलं हिरवं बटण काही दिवस विसरा. टॉमकॅटची झिप फाइल उतरवा आणि सी ड्राइव्हवर उघडा. दहा-पंधरा एमबीचा मामला आहे. मग 'बिन' फोल्डरमधल्या 'स्टार्टअप'वर दोनदा क्लिक केलं की बहुतेकांच्या मशीनवर काळी खिडकी उघडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीशी होते. कारण सहसा एकच असतं. 'जावा होम' हा पत्ता दिलेला नसतो, किंवा जेडीकेच्या मुख्य फोल्डरऐवजी त्यातल्या 'बिन'चा दिलेला असतो. खिडकी गायब होते म्हणून संदेश वाचता येत नाही. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यातच 'कॅटालिना रन' अशी आज्ञा द्या. आता खिडकी बंद होत नाही आणि काय बिनसलंय ते समोर लिहून येतं.

दुसरी हमखास अडचण ८०८० या पोर्टची. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत ओरॅकल एक्स्प्रेस एडिशन ११ शिकवलं जातं. ते मशीनवर असेल तर त्याचं वेब पान आधीच ८०८० धरून बसलेलं असतं. टॉमकॅट सुरू होत नाही आणि पोर्ट वापरात असल्याची तक्रार करतो. 'कॉन्फ' फोल्डरमधल्या 'सर्व्हर डॉट एक्सएमएल'मध्ये ८०८० चं ८०८१ करा, काम झालं.

मग स्वतः बांधलेली वॉर फाइल 'वेबअ‍ॅप्स'मध्ये टाका. टॉमकॅट ती उलगडतो, त्याच नावाचं फोल्डर तयार होतं. चालू सर्व्हरवर नवी फाइल टाकून काय होतं ते पाहा. कोडमध्ये दहा सेकंद झोपणारी एक ओळ घाला, थ्रेडचा आकडा दोनशेवरून दोनवर आणा आणि तीन मोबाइलवरून एकदम पान उघडा. तिसरा मोबाइल ताटकळताना एकदा पाहिला, की थ्रेड पूल म्हणजे काय हे पुन्हा पाठ करावं लागत नाही.

लॉग वाचायची सवय

स्टॅक ट्रेसच्या शंभर ओळी पाहून घाबरायचं नाही. सर्वात खालचं 'कॉज्ड बाय' शोधायचं, मूळ कारण बहुधा तिथं असतं. त्याखाली आपल्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ पाहायची, तीच आपली चुकलेली ओळ असण्याची शक्यता जास्त. सर्व्हर अडकला असेल तर रीस्टार्टच्या आधी जेडीकेमधल्या 'जेस्टॅक'नं दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं तीन थ्रेड डंप घ्यावेत. तिन्हींत एकच थ्रेड एकाच ओळीवर उभा दिसला, तर चोर सापडला. रीस्टार्टनं सेवा सुरू होते, पण हा पुरावाही पुसला जातो.

लॉगिंगच्या साधनांकडेही लक्ष हवं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली. नुसता विशिष्ट मजकूर लॉगमध्ये लिहिला गेला, तरी बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत होता. जगभरच्या टीम ते दिवस आपल्या कुठल्या प्रकल्पात कुठली आवृत्ती आहे, हेच शोधत होत्या.

क्लास, सीडॅक आणि फी

गावोगाव पोचलेल्या एमएस-सीआयटीनं संगणकाची ओळख होते, पण जावाच्या नोकरीची तयारी ही फार पुढची गोष्ट. महाराष्ट्रात या कामाचं जुनं, नावाजलेलं प्रशिक्षण म्हणजे सीडॅकचा पीजी-डॅक हा सुमारे सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. सीडॅकची स्थापना पुण्यात १९८८ ची. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून मिळतो, वर्षात दोन तुकड्या असतात आणि फी लाखाच्या घरात जाते. दिवसभर वर्ग आणि लॅब असल्यानं नोकरी सांभाळून तो होत नाही. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा धरा. सी-कॅटची तयारी आणि वर सांगितलेला टॉमकॅटचा सराव घरून करून गेलात, तर ते सहा महिने सत्कारणी लागतील.

सोलापूरहून रेल्वेनं पुणं जवळ आहे, तसं हैदराबादही. तिथलं अमीरपेठ सॉफ्टवेअर क्लासेससाठी देशभर ओळखलं जातं. जायला हरकत नाही. मात्र पुणं असो की अमीरपेठ, फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: वॉर फाइल वेगळ्या टॉमकॅटवर आमच्या हातानं चढवून घेणार का? मुद्दाम अडकवलेल्या अ‍ॅप्लिकेशनचा थ्रेड डंप वाचायला लावणार का? जावाची आणि स्प्रिंगची कुठली आवृत्ती शिकवणार? स्प्रिंग बूट ३ ला जावा १७ लागते. अजूनही जावा ८ वरच गाडी अडली असेल आणि उत्तरादाखल फक्त प्लेसमेंटची टक्केवारी ऐकवली जात असेल, तर तिथं फी भरू नका.